राखणदार, नाणं आणि एक दुरुस्ती



बारा वर्षांपूर्वी मी याच वाशिम शहरात बोललो होतो. तेव्हा खिशातून तांब्याचं एक नाणं काढून मी सांगितलं होतं, “हे रोमन नाणं आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतात सापडलंय. म्हणजे वत्सगुल्माचा रोमशी थेट संबंध होता.” टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या काही शिक्षकांनी वहीत लिहूनही घेतलं.

मंडळी, ते विधान चुकीचं होतं. आजचं व्याख्यान ही त्याची दुरुस्ती आहे, असं समजा. पण दुरुस्ती करायची तर आधी ते नाणं काय होतं हे नीट सांगायला हवं. कारण नाणं फार सुंदर आहे, आणि माझी फसगत त्या सौंदर्यातूनच झाली.

इ.स. २९४ च्या सुमारास रोमन सम्राट डायोक्लेशियनने चलनाची मोठी सुधारणा केली. त्यात साधारण दहा ग्रॅम वजनाचं, चांदीचा अगदी थोडा अंश असलेलं तांब्याचं एक नाणं निघालं. आजचे अभ्यासक सोयीसाठी त्याला फोलिस म्हणतात. एका बाजूला सम्राटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला एक तरुण उभा आहे. अंगावर खांद्यावरून सोडलेला शेला, बाकी जवळजवळ विवस्त्र. डोक्यावर धान्य मोजायचं माप, आपल्या पायलीसारखं. एका हातात अर्घ्य सोडायचं पात्र, दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं समृद्धीचं शिंग. भोवती अक्षरं आहेत: ‘गेनिओ पॉपुली रोमानी’. म्हणजे रोमन जनतेच्या गेनिउसला, तिच्या राखणदाराला.

हा गेनिउस कोण? रोमन माणसाची समजूत अशी की प्रत्येक पुरुषाबरोबर त्याचा गेनिउस जन्माला येतो. शब्दाचा धातू आपल्या ‘जन्’ धातूचा सख्खा भाऊ आहे. जनक, जननी, जन्म हे सगळे त्याच घरातले. इंग्रजीतला ‘जीनियस’ हा याच शब्दाचा पुढचा अवतार. वाढदिवसाला माणूस आपल्या गेनिउसला मद्य आणि धूप अर्पण करी. घराला, गावाला, सैन्याच्या तुकडीलाही गेनिउस असे. पाँपेईच्या घरांतल्या देवघरांत तो कधी माणूस म्हणून रंगवलेला दिसतो, कधी साप म्हणून.

साप म्हटल्यावर तुम्ही हसलात! बरोबर आहे. गुप्तधनावर नाग बसलेला असतो, हे आपल्यालाही आजीने सांगितलेलं असतं. वेशीवरचा मारुती, शिवेवरचा म्हसोबा, कोकणातला राखणदार, हे आपले ओळखीचे. म्हणून रोमन गेनिउस पाहिला की मराठी माणसाला तो परका वाटत नाही. माझंही तसंच झालं.

डायोक्लेशियनने हा राखणदारच का निवडला? साम्राज्य तेव्हा चार राज्यकर्त्यांत वाटलेलं होतं आणि नुकतंच अर्धशतकाच्या यादवीतून बाहेर आलं होतं. लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळींतून एकच आकृती पाडली गेली. राज्यकर्ते चार असतील, जनता एक आणि तिचा राखणदार एक, असं ते नाणं बाजारात हातोहात सांगत फिरत होतं. पुढे नाण्याचं वजन घसरत गेलं. पश्चिमेकडे कॉन्स्टंटाइनने गेनिउसच्या जागी सूर्यदेव आणला. आणि ३९२ साली सम्राट थिओडोसियसच्या कायद्याने घरातसुद्धा गेनिउसला मद्य अर्पण करायला बंदी आली.

संग्राहकांना हे नाणं आवडतं, त्याचं कारण साधं आहे. ते लाखोंनी पाडलं गेलं, युरोपात त्याचे हंडेच्या हंडे सापडले, त्यामुळे ते फार महाग नाही. चित्र एक असलं तरी खाली टांकसाळीची खूण वेगळी असते. लंडन, ट्रियर, लियाँ, सिस्किया, अँटिऑक... एकेक टांकसाळ जमवायची, असा तो छंद.

आता माझं नाणं. ते मला एका विक्रेत्याने विकलं. मी वाशिमच्या इतिहासावर बोलतो हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “सर, तुमच्याच भागातलं आहे, शेतात नांगराला लागलं.” मी वजन पाहिलं, कड पाहिली, भिंगातून अक्षरं पाहिली. नाणं अस्सल होतं. मी खूश.

काही वर्षांनी युरोपातल्या एका लिलावाचा जुना कॅटलॉग चाळत होतो. एका पानावर थांबलो. तेच नाणं! एकाच साच्यातून निघालेली दोन नाणी सारखी दिसतात, हे मला माहीत होतं. पण हातोड्याच्या घावाने कडेला पडलेली चीर, राखणदाराच्या गुडघ्यापाशी असलेला हिरवा खड्डा, एका बाजूला सरकलेला छाप, हे सगळं दोन नाण्यांत सारखं कसं येईल? आणि कॅटलॉग माझ्या खरेदीच्या आधीचा होता. म्हणजे नाणं खरं होतं, गाव खोटं होतं.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणं विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली. नाण्याचा अस्सलपणा मी प्रत्यक्ष तपासला होता. पण ते कुठे सापडलं, हे फक्त विक्रेत्याचा शब्द होता. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला फसवायचं नाही, त्याचा. मी एका प्रमाणाची खात्री दुसऱ्याच्या खात्यात जमा केली. आणि खरं सांगू? मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी विचारलं नाही.

यापेक्षा मोठी चूक पुढे आहे. त्या व्याख्यानानंतर एक तरुण शेतकरी मला भेटला होता. रुमालात चार-पाच काळपट नाणी होती. ओबडधोबड, एकावर हत्तीसारखं काहीतरी. मी म्हणालो, “ही रोमन नाहीत,” आणि परत दिली. तो पुन्हा कधी दिसला नाही.

मंडळी, हत्ती! ज्या जिल्ह्यात आपण बसलो आहोत, त्याच जिल्ह्यातलं तऱ्हाळा गाव, मंगरूळपीर तालुक्यातलं. १९३९ साली, हा भाग अकोला जिल्ह्यात असताना, तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. दीड हजारांहून जास्त नाणी, पोटिनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जयिनी चिन्ह. वा. वि. मिराशींनी ती वाचली. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची नावं मिळालीच. शिवाय कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी, पुराणांतल्या यादीत नसलेली नावं मिळाली. राजे होऊन गेले होते आणि त्यांचा पत्ता फक्त या मातीला होता.

असं का घडलं? नाणी एकत्र राहिली, गाव माहीत राहिलं, आणि वाचणाऱ्यापर्यंत ती पोचली म्हणून. तीच दीड हजार नाणी मोडीत गेली असती, किंवा पाच-पाच करून विकली गेली असती, तर विदर्भातल्या सातवाहनांचा केवढा तरी भाग आपल्याला कळला नसता. माझं देखणं रोमन नाणं वाशिमबद्दल एक अक्षर सांगत नाही. रुमालातली ती काळपट नाणी कदाचित सांगणार होती.

कोणी म्हणेल, मग रोमचा आणि आपला संबंधच नव्हता का? होता की! ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन भडोचला दक्षिणेतून पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथून माल येतो असं सांगतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. ते पुरावे जागेसकट आहेत, म्हणून पक्के आहेत.

आणि राखणदारच हवा असेल, तर तोही घरचा आहे. अजिंठ्याचं दोन नंबरचं लेणं पाहा. ते वत्सगुल्माच्या वाकाटकांच्या, हरिषेणाच्या काळातलं मानतात. आत एका बाजूला हारीती आणि पांचिक बसले आहेत, मुलांचं आणि धनाचं रक्षण करणारे. दुसऱ्या बाजूच्या गाभाऱ्यात शंखनिधी आणि पद्मनिधी मानले जाणारे यक्ष. आपल्या आज्यांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवा. त्या पुतळीचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटमध्ये आहे, आणि त्यावर त्या शहराचा रक्षक संत मार्क उभा असतो. परका राखणदार आपण कौतुकाने गळ्यात घातला, पण तो आपल्या शेतात उगवला असं कोणी म्हटलं नाही. ती चूक मी केली.

शेवटी व्यवहाराचं. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरून लपवतात, मोडतात. तसं करू नका. नाणं घासू नका, चिंच-लिंबू लावू नका. कुठल्या गावात, कुठल्या शेतात, कशाच्या बरोबर सापडलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कळवा. छंद म्हणून नाणी जरूर घ्या; पण विकणाऱ्याला आधी ‘किती जुनं?’ असं न विचारता ‘कुठून आलं, आणि कशावरून?’ असं विचारा.

तो शेतकरी भाऊ हे ऐकत असेल, तर त्याने मला जरूर भेटावं. या वेळी मी रुमाल नीट उघडून पाहीन. आणि त्या दिवशी वहीत लिहून घेतलेल्या शिक्षकांनी ती ओळ कृपा करून खोडावी.