जागांचा वाटा आणि उत्पन्नाची मर्यादा : वाशीमच्या विद्यार्थ्याचा प्रवेश-इतिहास

वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेल काय, आणि मिळाल्यास घरच्यांना तो पेलवेल काय, हे गुणांइतकेच आणखी दोन गोष्टींवर ठरत आले आहे : प्रदेशाच्या वाट्याला आलेल्या जागा आणि पालकांच्या उत्पन्नावर शासनाने घातलेली मर्यादा.

पहिल्या प्रश्नाची जाणीव संयुक्त महाराष्ट्राच्या जन्माआधीची आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांत झालेल्या नागपूर कराराने, व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेश त्या त्या विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावेत, असे मान्य केले होते. पुढे राज्यघटनेच्या ३७१व्या अनुच्छेदातही तंत्रशिक्षणाच्या समन्यायी सोयींची तरतूद झाली. वाशीमसाठी हे आश्वासन मोलाचे होते. ब्रिटिश वऱ्हाडातील बासीम (वाशीम) जिल्हा १९०५मध्ये मोडून त्याचा बहुतेक भाग अकोल्यास जोडला गेला आणि वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे उच्चशिक्षणाच्या मोठ्या सरकारी संस्था अमरावती, अकोला, नागपूर येथे उभ्या राहिल्या आणि रिसोड, मानोरा, मंगरूळपीरच्या मुलांसाठी प्रवेशाचा अर्थच घर सोडणे असा झाला.

१९८३मध्ये राज्याने विनाअनुदानित, म्हणजे शासकीय अनुदानाशिवाय शुल्कावर चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगावला असे महाविद्यालय निघाले आणि अंतर कमी झाले, पण शुल्क वाढले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या उन्नीकृष्णन निकालाने खाजगी महाविद्यालयांत ‘फ्री सीट’ व ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी केली, ज्यात पेमेंट सीटवाल्यांच्या वाढीव शुल्कातून फ्री सीटचा भार उचलला जाई. ही व्यवस्था दिसते तितकी न्याय्य नव्हती, कारण फ्री सीट गुणांवर मिळे, गरजेवर नव्हे. शहरात शिकवणी लावलेला सधन घरचा मुलगा ती मिळवी आणि थोडक्या गुणांनी मागे राहिलेल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलाला जादा शुल्काचा रस्ता उरे. २००२च्या टी. एम. ए. पै निकालाने ती विभागणी संपली.

दुसऱ्या प्रश्नावरचे जुने उत्तर म्हणजे ई.बी.सी. सवलत, अर्थात आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या पाल्यांना शुल्कमाफी. १९६०च्या सुमारास तिची मर्यादा वार्षिक बाराशे रुपये होती. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ती २०१६मध्ये सहा लाखांवर आणि २०१८मध्ये आठ लाखांवर गेली, तेव्हा कोठे मध्यम उत्पन्नाचे घर तिच्या कक्षेत आले. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने अभियांत्रिकीचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरू लागले, आणि जुलै २०२४च्या निर्णयाने पात्र मुलींचे संपूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. तरीही आठ लाखांची रेषा कठोर आहे : नोकरदार आईवडिलांचे उत्पन्न वेतनचिठ्ठीवर पैशापैशाने दिसते, त्यामुळे रेषेच्या किंचित वर गेलेल्या घराची सवलत उतरत्या प्रमाणात घटत नाही, ती पूर्णच जाते. शिवाय खोली, मेस आणि प्रवास हा वाशीमकरांचा मोठा खर्च या शुल्कसवलतींत धरलेलाच नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही वेगळी योजना आहे.

वैद्यकीय प्रवेशात विभागवार ७०:३० सूत्र होते, ज्यामुळे विदर्भातील सत्तर टक्के जागा विदर्भातीलच विद्यार्थ्यांना मिळत. सप्टेंबर २०२०मध्ये ते रद्द झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑक्टोबर २०२४मध्ये, वाशीमच्या शंभर जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्यातील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. म्हणजे सत्तर वर्षे ज्या संस्थेची वाट पाहिली ती दाराशी आली, तेव्हा तिच्यात विभागाचा राखीव वाटा उरला नव्हता.