एरंडेलापासून सिंथेटिकपर्यंत : इंजिन तेलावरील एका शब्दाचा इतिहास

१/ इंजिनात सिंथेटिक तेल घालावे की साधे खनिज तेल, हा वाद गॅरेजच्या बाकड्यावर नेहमी रंगतो आणि बहुधा त्याचे एरंडाचे गुऱ्हाळ होते. गंमत अशी की या कथेत एरंड खरोखरच आहे. #धागा

२/ १८५९ मध्ये अमेरिकेतील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले. तोवर यंत्रांना वंगण मिळे ते प्राण्यांच्या चरबीचे आणि वनस्पती तेलांचे. १८६६ मध्ये डॉ. जॉन एलिस यांनी खनिज तेलापासून वंगण तयार करणारी कंपनी स्थापन केली. पुढे तिचे उत्पादन 'व्हॅल्व्होलिन' या नावाने प्रसिद्ध झाले.

३/ तरीही पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांना एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसे. मात्र तापल्यावर त्याचा चिकट थर बसे, आणि त्याच्या धुराने वैमानिकांची पोटे बिघडत. १९०९ मध्ये वेकफील्ड यांच्या ब्रिटिश कंपनीने निवडलेले 'कॅस्ट्रॉल' हे नावही कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरूनच आले.

४/ स्वस्त व विपुल खनिज तेलाने अखेर बाजी मारली. पण त्याचा दोष त्याच्या जन्मातच आहे. त्यात लहानमोठ्या, नाना आकारांच्या रेणूंची सरमिसळ असते. थंडीत त्यातील मेण गोठू लागते. उष्णतेत हलके रेणू उडून जातात आणि उरलेले तेल घट्ट होते.

५/ मग हवे तसे रेणू आपणच का घडवू नयेत? १९२९ च्या सुमारास स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीने ऑलेफिनचे रेणू जोडून कृत्रिम तेल बनवले. परंतु त्याला मागणीच आली नाही. साधे तेल पुरत असताना महाग तेल कोण घेणार?

६/ ती निकड युद्धाने निर्माण केली. १९४१-४२ च्या रशियन हिवाळ्यात जर्मन सैन्याच्या वाहनांतील तेल इतके घट्ट झाले की इंजिने सुरू करण्यासाठी खाली आग पेटवावी लागे. तेलटंचाईने ग्रासलेल्या जर्मनीत आय. जी. फार्बेनचे रसायनशास्त्रज्ञ हेरमान त्सोर्न एस्टर वर्गातील कृत्रिम वंगणांवर संशोधन करीत होते.

७/ युद्धानंतर जेट इंजिने आली. उंचावरील गोठवणारी थंडी आणि टर्बाइनजवळची प्रखर उष्णता, ही दोन्ही टोके खनिज तेलाला पेलेनात. १९५० च्या दशकात लष्करी जेट विमानांत एस्टर तेले रूढ झाली.

८/ आकाशातील हे तेल मग रस्त्यावर उतरले. लढाऊ स्क्वाड्रनचे प्रमुख राहिलेले अल्बर्ट अमाट्झिओ यांनी १९७२ मध्ये मोटारींसाठी 'अ‍ॅम्सॉइल' आणले. १९७४ मध्ये 'मोबिल १' आले. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनबचतीला मोल आले होते, आणि थंडीतही पातळ राहणारे तेल इंजिनाचा अंतर्गत विरोध कमी करते.

९/ कथेला खरे वळण मिळाले १९९९ मध्ये. कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंटेक' तेलात रेणू जोडून घडवलेल्या द्रवाऐवजी हायड्रोजन प्रक्रियेने अतिशुद्ध केलेले खनिज तेल वापरले. मोबिलने अमेरिकेतील जाहिरात-परीक्षण मंडळाकडे तक्रार केली. निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून 'सिंथेटिक' हा शब्द केवळ घडणीचा राहिला नाही, तो विक्रीचाही झाला.

१०/ म्हणून ग्राहकाने काय करावे? टर्बो इंजिन, कडाक्याची थंडी, तेल बदलण्यातील दीर्घ अंतर, अशा ठिकाणी सिंथेटिक आपली किंमत वसूल करून देते. साध्या इंजिनात, उत्पादकाची मुभा असेल तर, वेळेवर बदललेले खनिज तेलही दीर्घायुष्य देऊ शकते. उलट सिंथेटिकमध्येही काजळी, पाणी व कच्चे इंधन मिसळते आणि त्यातील पूरक रसायने संपतात. ते न बदलता चालवणे म्हणजे महाग निष्काळजीपणा.

११/ डब्यावरील मोठ्या शब्दापेक्षा वाहनाच्या पुस्तिकेतील श्यानतेची श्रेणी आणि दर्जाचे मानक पाहावे. बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो. तेथे जासो एमए यांसारखे मानक तपासावे, अन्यथा मोटारीचे उत्तम तेलही क्लच घसरवू शकते. इंजिनाला नाव वाचता येत नाही; त्याला फक्त तेल कळते.

(समाप्त)