मुक्या जनावरांचे ऋण

शस्त्रवैद्यकाचा इतिहास सांगताना आपण शस्त्रवैद्याचे नाव सांगतो, रुग्णाचे क्वचित सांगतो, आणि ज्या जनावरावर तो हात प्रथम शिकला त्याची तर आठवणही काढीत नाही. मालकाचे नाव फाटकावर आणि कामगाराचे हजेरीपटात, हा हिशेब आम्हां गिरणगावकरांना नवा नाही.

आपल्याच परळचे उदाहरण घ्या. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी असे पहिले हृदयारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. पण हे धाडस एका रात्रीतले नव्हे. सेन आणि त्यांचे सहकारी आधी काही वर्षे कुत्र्यांवर हेच काम करीत होते. अमेरिकेत शमवे व लोअर यांनीही आपली रीत कुत्र्यांवरच बसविली होती. परळचा रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. त्याच वर्षीचा दुसराही वाचला नाही. कुत्र्याने हात तयार केला. पण दीर्घ आजाराने जर्जर झालेले माणसाचे शरीर नव्या हृदयाला कसे वागवील, हे धडधाकट कुत्रा कोठून सांगणार? भारतात यशस्वी हृदयारोपण झाले ते १९९४ साली, दिल्लीस.

हीच वाट पुढे आईच्या उदरापर्यंत गेली. काही गर्भांच्या छाती-पोटामधील पडद्याला भोक असते. आतडी वर सरकतात आणि फुप्फुसे खुरटतात. मेंढीच्या गर्भाची श्वासनलिका बंद केली, तेव्हा फुप्फुसात पाझरणारे पाणी आत कोंडून त्या दाबाने फुप्फुस वाढते असे दिसले. त्यावरून, आईचे पोट न फाडता बारीक नळीतून दुर्बीण घालून गर्भाच्या श्वासनलिकेत फुगा ठेवायचा आणि जन्माआधी काढायचा, ही युक्ती निघाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अतिशय बिकट अवस्थेतल्या बाळांपैकी फुगा ठेवलेली शेकडा ४० जगून घरी गेली. न ठेवलेली शेकडा १५. मात्र फुग्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती वाढल्या. मेंढीचे गर्भाशय टोचणी सहज सोसते, बाईचे तसे सोसत नाही. म्हणूनच या शास्त्राचे एक जनक, सान फ्रान्सिस्कोचे डॉ. हॅरिसन, यांना मेंढ्यांनंतर माकडिणींकडे वळावे लागले.

तात्पर्य, जनावर अर्धाच धडा देते. उरलेला अर्धा पहिल्या रुग्णाच्या अंगावर गिरवला जातो. जनावराला नकार देता येत नाही, संपही करता येत नाही. म्हणून त्याच्या वेदना टाळण्याचे बंधन प्रयोग करणाऱ्यावर आहे, आणि आपल्याकडे १९६० च्या कायद्याने ते घातलेही आहे. रुग्णाला मात्र नकार देता येतो. पण धोका त्याच्या भाषेत, न लपविता सांगितला तरच. अंगठा उठविणे म्हणजे संमती नव्हे, हे आम्ही गिरणीच्या करारांवरून शिकलो आहोत. आणि ज्यांच्या देहावर विद्या वाढते, तिची फळे रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेतील बाईपर्यंतही पोहोचली पाहिजेत. तेवढे झाले तरच हे ऋण थोडेफार फिटले, असे आम्ही म्हणू.