पाझराचा हिशेब

आमच्या गावात घराचा ठावठिकाणा सांगताना पूर्व-पश्चिम असे कोणी म्हणत नाही. 'कॅनॉलच्या वर' आणि 'कॅनॉलच्या खाली' या दोनच दिशा आहेत. वर म्हणजे जिरायत, माळ, मेंढरे, बाजरी. खाली म्हणजे ऊस, गूळ, पक्की घरे. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की मुलाच्या शिक्षणाआधी रान वरचे की खालचे, ही चौकशी होई. 'कालवा' हा शब्द आमच्याकडे कागदावरचा. बोलण्यात कॅनॉल, त्याला फुटतो तो फाटा, फाट्याला फुटते ती चारी. 'कालवा' म्हटले की आमच्या आजीला कावळ्यांचा कालवाच आठवे. मराठीच्या वर्गात नदीवरच्या आणि विहिरीवरच्या कविता शिकवताना हे नेहमी जाणवते की ज्या पाण्यावर पश्चिम महाराष्ट्राची अर्धीअधिक सुबत्ता उभी आहे, त्या कालव्याला आपल्या साहित्याने फारसे जवळ केलेले नाही. नदी आई झाली, कालवा सरकारी राहिला.

हा कालवा म्हणजे निरेचा डावा कालवा. पुरंदर तालुक्यात वीर येथे तो नदीतून निघतो आणि बारामतीवरून इंदापुराकडे सुमारे दीडशे किलोमीटर जातो. सारा टापू पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. १८७६-७७च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या लोकांच्या हातून या कामाचा आरंभ झाला. १८८५ साली कालव्यात पाणी आले. त्याला पुरवठा करणारे भाटघरचे धरण वेळवंडी नदीवर भोर संस्थानाच्या हद्दीत बांधले गेले, त्यातल्या जलाशयाला 'लेक व्हायटिंग' हे नाव मिळाले. आज दिसते ते धरण नंतरचे, १९२०च्या दशकातले. जुने त्याच्या पोटात बुडाले.

सरकारचा हेतू साधा होता. दुष्काळात ज्वारी-बाजरी जगावी, माणसे जगावीत, आणि मदतकार्यावरचा खर्च वाचावा. परंतु ज्वारी पावसावर येते ती बिनपैशाची. बरा पाऊस झाला की पाणीपट्टी भरून ज्वारीला पाणी घेण्याची गरज कोणाला? पाऊस गेला की मात्र सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवे. अशा गिऱ्हाइकावर कालव्याचा खर्च निघत नव्हता. तो निघाला उसावर. सासवडकडचे माळी बागायतदार ऊस लावण्यात आणि गूळ करण्यात मुरलेले होते. ते खाली बारामतीकडे सरकले, खंडाने जमिनी घेऊ लागले. ज्वारी वाचवण्यासाठी खोदलेला कालवा असा उसाचा झाला. पुढची साखर कारखान्यांची आणि सहकाराची कथा इतक्यांनी सांगितली आहे की ती येथे उगाळण्याचे कारण नाही. मला सांगायचे आहे ते कालव्यातून वाहणाऱ्या पाण्याविषयी नाहीच. कालव्यातून जे झिरपले, त्याविषयी आहे.

कालवा मातीचा होता. मुरमातून आणि काळ्या रानातून जाणारा मातीचा कालवा पाणी धरून ठेवील ही अपेक्षाच व्यर्थ. धरणातून सुटलेल्या पाण्यातला मोठा वाटा शेताला लागण्याआधीच जमिनीत जाई. अभियंत्यांच्या भाषेत ही 'गळती'. गावाच्या भाषेत हा 'पाझर'. दोन शब्दांमधले अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. गळते ती फुटकी घागर, पाझरते ते ज्याला आतून काही द्यायचे आहे ते. दगडालासुद्धा पाझर फुटतो, गळती लागत नाही. आमच्या गावात ज्यांच्या नावावर पाणी नव्हते, ज्यांना बारी मिळत नव्हती, त्यांच्या विहिरी या पाझरावर उभ्या राहिल्या.

सरकार ही गोष्ट विसरले असेल असे वाटत असेल, तर १८७९ सालचा मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा वाचावा. त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमात पाझरावर पट्टी बसवण्याची तरतूद आहे. कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आतल्या पिकाऊ जमिनीला झिरपून किंवा गळून आलेल्या पाण्याचा प्रत्यक्ष पाणी घेतल्याइतका फायदा होत असेल, तर कालवा-अधिकाऱ्याने तिच्यावर आकारणी करावी. दोनशे यार्डांच्या आत विहीर खोदून ते पाणी उपसले तरीही तेच; मग जमीन कोठेही असो. अट एकच. ती विहीर कालव्यात पाणी सोडल्यानंतर खोदलेली असली पाहिजे. १९७६ साली महाराष्ट्राचा नवा पाटबंधारे कायदा येईपर्यंत हा कायदा चालू होता. ज्याला एका कागदावर 'तोटा' म्हणायचे, त्याचाच दुसऱ्या कागदावर दाम मागायचा, असा हा हिशेब. मला त्यात लबाडीपेक्षा एक कबुली दिसते: पाणी वाया गेलेले नाही, कोणाच्या तरी रानात पोचले आहे, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

या एका अटीने कालव्याकाठच्या गावांत इतिहासलेखनाची एक वेगळीच शाखा निर्माण केली असावी, अशी माझी समजूत आहे. आमच्या घरात तरी ती झाली. आमची पायऱ्यांची विहीर कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. ती 'पेशवाईतली' आहे असे आजोबा सांगत. वडिलांनी तेच ऐकले, मीही तेच ऐकत वाढलो. या आग्रहामागे पाणीपट्टी असेल अशी शंका लहानपणी येण्याचे कारण नव्हते. एम. ए. झाल्यावर एका उन्हाळ्यात थारोळ्याजवळच्या दगडावरचा शेंदराचा थर खरवडला, तेव्हा खाली अक्षरे निघाली: शके १८२३. म्हणजे १९०१ साल. छपन्नच्या दुष्काळानंतरचे. कालव्यात पाणी येऊन सोळा वर्षे झाली होती. शेंदूर भक्तीने लावला होता की धोरणाने, ते आता विचारायला कोणी उरले नाही. चुलत्यांना ते अक्षर दाखवले, तर ते म्हणाले, "दगूड दुसरीकडचा आसंल." आणि विषय मिटला.

पण पाझर नुसताच दाता नव्हता. विहिरीत जे पाणी वर येते तेच खोलगट रानातही वर येते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले की त्याची पातळी पिकाच्या मुळांपर्यंत चढते, ऊन ते वर ओढून घेते आणि जमिनीतले क्षार पृष्ठभागावर ठेवून जाते. आधी ऊस पिवळा पडतो, मग बी रुजत नाही, मग सकाळच्या उन्हात रान दळणाचे पीठ सांडल्यासारखे पांढरे दिसू लागते. चिकट, कुळवाला न दाद देणारी अशी ती चोपण जमीन. हे संकट फार लवकर आले. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी निरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली, म्हणजे कालवा पंचविशीत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी येथे आणलेली 'ब्लॉक' पद्धत, उसाला ठरावीक क्षेत्राचा एक-तृतीयांश भाग आणि उरलेल्यात हंगामी पिके, हीदेखील पाणी बेतात वापरले जावे म्हणूनच होती. १९१६ साली मुंबई सरकारने खास सिंचन विभाग काढला; क्लॉड इंग्लिस यांनी पाणथळ जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला तो त्याच काळात. त्या विभागातूनच पुढे खडकवासल्याची जल व विद्युत संशोधनाची मोठी संस्था वाढली. देशभरच्या धरणांच्या प्रतिकृती जेथे तपासल्या जातात, त्या संस्थेच्या मुळाशी आमच्यासारख्यांची वाया गेलेली रानेही आहेत, हे गावात कोणाला माहीत नाही. त्या संस्थेतही किती जणांना असेल?

आमच्या घरचे तळवटाचे दोन एकर असेच गेले. विहिरीने जे दिले ते तळवटाने परत घेतले, असे वडील म्हणत. त्यांच्या स्वरात तक्रार नसे. एकाच पाझराचे हे दोन चेहरे त्यांना बहुधा स्वाभाविक वाटत असावेत. माझे समाधान मात्र त्याने होत नाही. कारण या हिशेबात तिसरा पक्ष आहे.

माझी आत्या इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेपटाला दिली. तिकडचे लोक स्वतःला 'टेलवाले' म्हणवतात. बारी खालून वर, टेलकडून हेडकडे चालावी असा शेजपाळीचा नियम आहे. प्रत्यक्षात दीडशे किलोमीटरच्या वाटेत दारे उचलली जातात, इंजिने लागतात, आणि पाणी पाझरतेही. टेलला पोचेपर्यंत पाळी संपत आलेली असे. दिवाळीला माहेरी आली की आत्या विहिरीच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी. एकदा वडिलांना म्हणाली, "दादा, तुमच्या हिरीत ह्ये जे पाजारतंय ना, त्ये आमच्या पाळीचं पानी हाय." वडील हसले. ती हसली नाही. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. शके १८२३ हे अक्षर वाचले तेव्हा पहिल्यांदा आठवले ते आत्याचे हे वाक्य. तिने कायदा वाचलेला नव्हता, पण अठ्ठेचाळिसाव्या कलमाचा आशय तिने अचूक मांडला होता. फरक इतकाच की सरकार त्या पाण्याचे मोल मागत होते आणि ती ते पाणीच मागत होती.

कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय निघाला की आज गावात हेच भांडण नव्याने उभे राहते. काँक्रीट झाले तर पाणी टेलपर्यंत धावेल, तळवटाची राने कदाचित सुटतील. आणि काठच्या विहिरी आटतील. विरोधाच्या अर्जावर चुलत्यांची सही आहे. त्यावर माझीही सही त्यांनी मागितली, कारण विहीर माझ्याही नावावर आहे. गावात राहिलेल्यांचे सारे बागायत त्या विहिरीवर आहे आणि मी शहरात पगारावर जगतो. तेव्हा न्यायाची भाषा करणे मला स्वस्त पडते, हेही मी जाणतो. सही करतो म्हणालो. अजून केलेली नाही. अर्ज टेबलाच्या खणात आहे.

मागच्या उन्हाळ्यात गावी होतो. पाणी सुटले त्याच्या चौथ्या दिवशी आत्याच्या मुलाचा फोन आला. त्याला फाट्याच्या गेजवरचा आकडा नको होता, तो खोटा सांगतात असे त्याचे मत. तो विचारत होता, "तुमच्या हिरीची कितवी पायरी बुडली?" त्यावरून पाणी आमच्याकडून किती गेले आणि त्याच्याकडे किती येईल याचा अंदाज तो बांधतो, त्याच्या आईने शिकवलेले. मी बॅटरी घेऊन गेलो, मोजल्या, आणि सांगितले: सातवी.