नवसाला बांधलेलं गाव

बव्हेरियाच्या सरकारी गावयादीत प्रत्येक वस्तीपुढे तिचा हुद्दा लिहिलेला असतो. एखाददुसरं घर असेल तर 'आइनओड'. तीनापासून नऊपर्यंत घरं असली तर 'वायलर'. चर्च असलं तर 'किर्शडॉर्फ', आणि त्या चर्चला स्वतःचा पाद्री, स्वतःची हद्द, जन्ममृत्यूच्या स्वतःच्या वह्या असल्या की 'फारडॉर्फ'. हे सगळं मला माझ्या भाच्यानं आगगाडीत सांगितलं. तो म्युनिकला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि कुठलीही गोष्ट खणाखणांत लावून ठेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरत नाही.

"मामा, आपण चाललोय ते ओबरअमरगाऊ फारडॉर्फ आहे," तो म्हणाला.

"बरं बुवा," म्हणून मी पिशवीतला चिवडा काढला.

मुर्नाऊला गाडी बदलली. दोन डब्यांची चिमुकली गाडी कुरणांतून, गाईंना 'जरा सरकता का?' विचारल्यासारखी चालली होती. हे साल २०२३. मी चाललो होतो ते जगप्रसिद्ध नाटक बघायला. येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक, सारा गाव मिळून करतो ते. उतरल्या उतरल्या प्रवाशांना माहिती देणाऱ्या खिडकीशी गेलो आणि आतल्या बाईंना विचारलं, "पुढचा प्रयोग कधी?"

"ट्वेंटी थर्टी," बाई गोड हसून म्हणाल्या.

रात्री साडेआठ! म्हटलं, ठीक आहे, तोवर जेवून घेऊ. भाचा हसून हसून बाकावर बसला. बाईंनी साल सांगितलं होतं. नाटक दर दहा वर्षांनी होतं, मागचं २०२२ साली झालं, आणि हे सगळं आपण घरी दोनदा सांगितलं होतं, असं भाच्याचं म्हणणं आहे. असेल. मी तेव्हा चिवडा भरून घेत होतो.

तर नाटक हुकलं आणि गाव तेवढं हाती आलं. साडेपाच हजारांच्या आत वस्ती. घरांच्या भिंतींवर चित्रं, आणि तीही अशी की चित्र कुठलं नि घर कुठलं कळू नये. फ्रान्झ त्स्विंक नावाच्या चित्रकारानं १७८४ साली पिलातहाउस नावाच्या घराच्या सपाट भिंतीवर खांब, कमानी, जिने असे रंगवलेत की मी जिन्याच्या कठड्याला हात टेकायला गेलो आणि भिंतीवर चापट मारली. चर्च १७३६ ते १७४९ या काळात बांधलेलं, आतून सोन्यानं आणि देवदूतांनी नुसतं भरून गेलेलं. ज्या क्रूसासमोर गावानं नवस बोलला तो इथेच आहे, असं सांगतात.

नवसाची गोष्ट अशी. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि सैन्यांच्या मागोमाग प्लेग गावोगाव फिरत होता. ओबरअमरगाऊनं वेशीवर पहारे बसवले. कास्पर शिस्लर नावाचा इथला एक गडी जवळच्या एशेनलोहे गावात कामाला होता. चर्चच्या जत्रेच्या दिवशी त्याला घराची ओढ लागली. पहारा चुकवून, मागच्या डोंगरानं तो रात्री घरात शिरला. दोनतीन दिवसांत तो गेला, आणि त्याच्यामागून ऐंशीच्या वर माणसं गेली. सणाला घरी जाण्याची ओढ काय करू शकते ते आपण अलीकडेच पाहिलंय, म्हणून या कास्परला शिव्या द्यायला माझी जीभ काही उचलत नाही.

१६३३ साली उरलेला गाव चर्चमध्ये जमला आणि नवस बोलला : ही साथ टळली तर दर दहा वर्षांनी येशूच्या यातनांचं नाटक करू. त्या क्षणापासून गावात एकही माणूस प्लेगनं दगावला नाही, असं आख्यायिका सांगते.

पण फारडॉर्फ म्हटल्यावर वही आलीच. तिथली मृत्यूंची नोंदवही सांगते : ऑक्टोबर १६३२ मध्ये एक प्रौढ माणूस मेला, मार्च १६३३ मध्ये वीस, मग आकडा उतरत उतरत जुलैत पुन्हा एकावर आला. म्हणजे साथ आपल्या पायांनी निघून चालली होती, अशी शंका घ्यायला जागा आहे. भाच्याला ही वही फार आवडली. त्यानं तिथल्या तिथे हवेत बोटानं आलेख काढून दाखवला. मी म्हटलं, अरे, मार्चमध्ये वीस माणसं पुरलेल्या गावाला आलेख उतरणार की चढणार हे कोण सांगणार? तुझा आलेख जुलैनंतरचा. त्यावर तो गप्प बसला. हे क्वचितच घडतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

मला खरं नवल वाटलं ते नवसाच्या निवडीचं. आमच्या आजीचे नवस नारळ-पेढ्यांत आटपत. एकदा फेडला की मोकळं. या लोकांनी नाटक कबूल केलं! ज्यानं हौशी नाटकाची एकदा तरी तालीम पाहिली आहे तो असला नवस शुद्धीवर असताना बोलणार नाही. १६३४ साली पहिला प्रयोग झाला तो चर्चजवळच्या दफनभूमीत, त्या ताज्या कबरींवर. पुढे १६८० पासून दशकाच्या गोल सालाला प्रयोग व्हायला लागले. १८३० पर्यंत नाटकाची जागा दफनभूमीतून आजच्या मैदानावर आली. मंच अजून उघड्या आभाळाखाली आहे. छप्पर मिळालं ते प्रेक्षकांना, नटांनी भिजायचं. नवस त्यांचा, पाऊसही त्यांचा!

आणि भांडणं? ती पहिल्यापासून. १७७० साली राज्यकर्त्यांनी असल्या नाटकांवर बंदी घातली. गावानं अर्ज-विनंत्या करून नवस पुढे रेटला. पुन्हा बंदी, पुन्हा अर्ज. १८११ साली ओथमार वाइस या पाद्र्यानं नवी संहिता लिहून दिली आणि गावच्याच रोखुस डेडलर या शाळामास्तरानं संगीत केलं. पुढे डाइझेनबर्गर नावाच्या गावच्या पाद्र्यानं ती संहिता आणखी घासली. १८७१ साली राजा दुसरा लुडविग प्रयोग पाहून गेला. त्यानं मुख्य नटांना चांदीचे चमचे दिले आणि जुडासचं काम करणाऱ्याला कथलाचा, असं म्हणतात. नाटकातल्या खलनायकाचा हिशोब रंगमंचाबाहेर चुकता करणारा प्रेक्षक राजघराण्यातही असतो तर!

नियम तर असे की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन बघावेत. काम करायचं तर इथला जन्म हवा किंवा वीस वर्षं वास्तव्य. आदल्या वर्षीच्या 'राखेच्या बुधवार'पासून केस कापायचे नाहीत, दाढी करायची नाही. सूट फक्त रोमनांना. लग्न झालेल्या आणि पस्तिशीपुढच्या बायकांना तर कामच नाही, हा नियम १९९० पर्यंत होता. तो गावातल्या तीन बायकांनी कोर्टात जाऊन मोडला. येशूची आई व्हायला बाईनं पस्तिशीच्या आत आणि बिनलग्नाचं असावं, हा हिशोब साडेतीनशे वर्षं कुणाला खटकला नव्हता.

इथवर मी हसत ऐकत होतो. पुढचं ऐकताना हसू आलं नाही. या नाटकात येशूच्या रक्ताचा दोष सगळ्या यहुद्यांच्या माथी मारलेला असे, आणि भाविक प्रेक्षक ते रडत रडत गिळत असत. १९३४ साली तीनशे वर्षं झाली म्हणून खास प्रयोग झाले. ऑगस्टमध्ये हिटलर येऊन बसला. त्याला नाटक आवडलं, आणि का आवडलं हे त्यानं १९४२ साली जेवणाच्या गप्पांत सांगूनही टाकलं : यहुद्यांचा धोका इतका चांगला दुसरीकडे कुठे दाखवलेला नाही. तुमच्या पूर्वजांच्या नवसाला असा दाद देणारा मिळाला, तर काय करायचं?

गावानं बराच काळ काहीच केलं नाही. परंपरा आहे, म्हणाले. १९६५ साली व्हॅटिकननं हा दोषारोप चुकीचा ठरवला. १९७० साली परदेशातून बहिष्काराची हाक आली. १९७७ साली काही मंडळींनी अठराव्या शतकातली रोझनर नावाच्या साधूची संहिता बसवून पाहिली. तिच्यात सैतानाकडे दोष जातो. गावानं ती नाकारली. अखेर १९९० साली दिग्दर्शन आलं क्रिस्टियान श्टुकलकडे. खाणावळवाल्यांचा मुलगा, लाकूडकामाचं शिक्षण घेतलेला, तिशीच्या आतला. त्यानं दर दशकाला थोडं थोडं तासत नेलं. त्याच्या नाटकात येशू यहुदीच आहे, लोक त्याला रब्बी म्हणतात, मंचावर हिब्रू प्रार्थना गातात. २०२२ साली जुडासची भूमिका दोघांत वाटली होती. त्यातला एक जेंगिझ ग्योर्युर, तुर्की घराण्यातला मुसलमान तरुण. त्याला चमचा कसला दिला ते काही मला कुणी सांगितलं नाही.

हे प्रयोग खरे २०२० चे. वर्षभर केस वाढवून गाव तयार होता, आणि मार्चमध्ये साथ आली. साथ टळावी म्हणून बोललेला नवस साथीमुळेच लांबला! न्हाव्यांची मात्र एकदाच चंगळ झाली. मग २०२१ मध्ये पुन्हा राखेचा बुधवार, पुन्हा दाढ्या.

संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून एका लाकूडकोरीव कामाच्या दुकानात शिरलो. हे इथलं जुनं पोट. पूर्वी इथले लोक लाकडी बाहुल्या-मूर्तींची खोकी पाठीवर बांधून परदेशांत विकायला हिंडत. दुकानदार साठीतला, मिशीवाला. हातात गाढवाचा कान कोरणं चालू. दर नाटकात काम केलंय म्हणाला, लहानपणी आईच्या कडेवरून.

"तेच तेच करून कंटाळा येत नाही?" मी भाच्याकरवी विचारलं.

तो कान कोरता कोरता म्हणाला, "तेच तेच कुठे? माझ्या आजोबांनी जी वाक्यं म्हटली ती मी म्हणत नाही. बाबा म्हणत, ती मीही एकदा म्हटली. आता नातू आहे, त्याला म्हणायला देणार नाही." मग भुसा फुंकून त्यानं कान उजेडात धरला.

जरा वेळानं वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "वीस वर्षं राहिलो इथे, तर मलाही घ्याल?"

त्यानं मान वर केली. माझ्या टकलाकडे नीट, कारागिराच्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाला,

"रोमन."