गांजाची सरकारी कोठारं : टिकवण्याच्या खटाटोपाचा इतिहास



धान्य आणि बियाणं कसं साठवावं यावर आपल्या कार्यक्रमात बोलणं झालं की कोणी ना कोणी हळूच एक प्रश्न विचारतो : "साहेब, पूर्वी म्हणे सरकारच गांजा साठवत होतं. खरं का?" खरं आहे. पुसटशी ऐकीव गोष्ट नाही, कागदोपत्री आहे. त्या साठवणुकीचा हिशेब शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे, म्हणून या पत्रकात तो थोडा विस्ताराने देत आहे.

इंग्रजी अमलात गांजाचं पीक बंद नव्हतं, बांधलेलं होतं. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला. इलाख्यातला बराचसा गांजा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पिकायचा. आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे निमाडात खंडव्याच्या आसपास लागवड होती आणि खंडव्याला सरकारी कोठार होतं. सगळ्यात मोठा कारभार बंगालातला. राजशाही भागात नौगाव म्हणून गाव आहे, आता ते बांगलादेशात येतं. तिथे ठरावीक गावांतच परवान्याने लागवड आणि माल सरकारी 'गोल्या'त. आपण कोठार म्हणतो त्याला बंगाली माणूस गोला म्हणतो.

हे पीक घेणं सोपं नव्हतं, हेही सांगतो. नर झाडं फुलोऱ्यावर यायच्या आत ओळखून उपटावी लागत. एखादं नर झाड जरी राहिलं तरी मादी झाडांत बी धरतं आणि माल उतरतो. नौगावकडे नर झाडं ओळखणारे खास जाणकार असत, त्यांना मजुरी देऊन शेतात फिरवत. मग तुरे कापायचे, उन्हात सुकवायचे आणि पायांनी तुडवून चपटे करायचे. तुडवल्याने तुऱ्यांतली चिकट राळ एकमेकांना धरून राहते आणि गठ्ठा घट्ट बसतो. पेरणीपासून तुडवणीपर्यंत सगळे कष्ट शेतकऱ्याचे. त्यानंतर मात्र माल त्याच्या मर्जीचा राहत नसे. घरात ठेवायचा नाही, बाजारात न्यायचा नाही, परवानाधारक व्यापाऱ्यालाच विकायचा. कोठारातून माल बाहेर पडला की वजनावर कर. बंगालात हा कर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावापेक्षा कितीतरी जास्त होता. कोठार कशासाठी होतं हे एवढ्यावरून कळतं : माल ताजा राहावा म्हणून कमी आणि कर चुकू नये म्हणून जास्त.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात या व्यापारावर प्रश्न उठला आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासद, त्यांत तीन आपल्या देशातले. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. १८९४ च्या अहवालाच्या सातव्या खंडात मुंबई इलाखा आणि सिंध यांच्याबरोबर आपल्या वऱ्हाडातल्याही साक्षी छापल्या आहेत. त्या काळी आपलं कारंजा वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात होतं. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर यांनी आवर घालावा, असं आयोगाने सुचवलं. सरकारला तेच सोयीचं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. इतकी कुलपं, इतके शिपाई, तरी माल टिकत नसे.

कारंज्याच्या माणसाला टिकणाऱ्या वासाची गोष्ट नवी नाही. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो : व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली कस्तुरी घेतली, चुन्यात कालवली आणि भिंती बांधल्या. गांजाचं याच्या अगदी उलट. कोठारात बंद असला तरी त्याचा जोर महिन्यागणिक उतरतो. वर्षाचा माल व्यापारी नाखुशीने घेई, त्याहून जुना कोणी विचारत नसे. बंगालात असा निकामी माल सरकार जाळून टाकत असे. कोठारात माल पडून राहिला तर नुकसान कोणाचं, हे तुम्हीच ओळखा.

जोर का उतरतो हे कळायला सत्तर वर्षं लागली. १८९६ साली केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तिघांनी हिंदुस्थानातून गेलेल्या चरसातून एक पदार्थ वेगळा काढला, नाव दिलं कॅनाबिनॉल. पुष्कळ दिवस लोक समजत की यातच सगळा जोर आहे. पुढे १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकोलम यांनी खरा नशेचा घटक शुद्ध रूपात काढला, टी.एच.सी. कॅनाबिनॉल हा तो घटक हवेशी संयोग होऊन शिळा झाल्यावर उरणारा पदार्थ, हेही उघड झालं. म्हणजे मालाच्या जोराच्या नावाने लोक इतकी वर्षं ओळखत होते तो शिळेपणाचाच अंश! विलायतेतल्या औषध दुकानदारांची तर जुनी तक्रार होती की मुंबई-कलकत्त्याहून येणारा माल एका खेपेला लागू पडतो, दुसऱ्या खेपेला मुळीच नाही. ब्रिटिश औषधकोशातून १९३२ साली गांजा गेला, त्यामागे हेही एक कारण होतं.

१९७६ साली लंडनच्या फेअरबर्न यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठवणुकीचे प्रयोग प्रसिद्ध केले. सगळ्यात मोठा शत्रू निघाला उजेड. त्याखालोखाल हवा आणि उष्णता. पुढे अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाने खोलीच्या साध्या तापमानाला ठेवलेला माल वर्षानुवर्षं तपासला : पहिल्या वर्षात सुमारे १७ टक्के टी.एच.सी. गेलं, दोन वर्षांत २७, चार वर्षांत ४१. ही सगळी कामं सरकारी परवान्याने, औषधाच्या आणि कोर्टाच्या तपासणीसाठी झालेली आहेत.

शत्रू ओळखीचे वाटले ना? तुमच्या हळदीचा रंग आणि मिरचीचा लाल तजेला उजेडानेच उडतो. ओलाव्याने बुरशी लागते ती वेगळीच. सोयाबीनचं बियाणं तर याहून नाजूक. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणून, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, कमी उंचीची थप्पी लावून ठेवलं तर उगवण राहते. पोतं आदळलं तरी अंकुर मोडतो. त्या बियाण्याला जितकं जपाल तितका पैसा तुमचाच, कारण ते तुमच्या घरात ठेवायला कोणाची मनाई नाही.

जाता जाता अंबाडीबद्दल. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेच्या झाडासारखी जास्वंद. पानाच्या कातरीवरून पडलेलं नाव आहे ते, नात्यावरून नव्हे. दोन्हींचा वाख निघतो, पण कुळं वेगळी. अंबाडीचं पान चावून बघा, आंबट लागेल. भाजी बिनघोर खा.

कोठारांचा शेवट कसा झाला ते थोडक्यात. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ साली सहकारी संस्था काढली, म्हणजे व्यापाऱ्याची साखळी तरी तुटली. पण १९८० च्या दशकात बांगलादेशाने लागवडच बंद केली. आपल्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, तो मादक वनस्पतींनाही लागू. मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि शेवटी १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू झालेला अमली पदार्थ कायदा, ज्याला सगळे एन.डी.पी.एस. म्हणतात. उत्तराखंडात वाखासाठी, ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टी.एच.सी. असलेल्या जातीला सरकारी परवाना मिळतो. त्या बातम्या दाखवून कोणी इथे बी विकायला आला तर परवाना कोणाच्या नावचा आहे ते आधी विचारा. बिनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. वाळलेला माल घरात ठेवणं हाही गुन्हा. एक किलोपर्यंत एक वर्षापर्यंत कैद, वीस किलोच्या वर गेला तर किमान १० वर्षं.

आज गांजा साठवण्याचा अधिकार उरला आहे तो मालखान्याला. जप्त केलेला मुद्देमाल वर्षानुवर्षं पडून राहतो, मधेच कमी भरतो, उंदरांवर बिल फाटतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावलं की असा माल दुहेरी कुलपात ठेवा, दंडाधिकाऱ्यासमोर नमुने घ्या आणि बाकीचा वेळीच नष्ट करा. बंगालातल्या जाळण्यापासून गाडी फिरून तिथेच आली.

आपल्या भागात धोका असतो तो मक्त्याने दिलेल्या शेतात. मालक गावात, कसणारा बाहेरचा, तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत चार-सहा झाडं, आणि सातबारा तुमच्या नावाचा. बेकायदा लागवड दिसली की पोलिसांना लगेच कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे असं कायद्याचं कलम ४६ सांगतं, आणि कलम ४७ सरपंच-पंचांवरही तीच जबाबदारी टाकतं. म्हणून मक्त्याच्या शेतात महिन्यातून एकदा तरी धुऱ्यावरून नाही, ओळींतून चक्कर मारा. शंकेचं झाड दिसलं तर स्वतः उपटू नका, घरी तर मुळीच आणू नका. पोलीस पाटलांना घेऊन त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.