आकडा हेही एक साधन: दोन ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेचा इतिहास (२००२–२००४)



इतिहासाच्या अभ्यासात आपण सुरुवातीलाच साधनचिकित्सा शिकतो. बखर हाती आली की ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे आपण आधी विचारतो. आकड्याला मात्र हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ५८०६ आणि ४६७९ हे दोन आकडे पाहा. मोठा आकडा चांगल्या कार्डाचा, असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात हे दोन्ही आकडे एकाच कार्डाचे, एकाच चाचणीतले आणि एकाच महिन्यातले आहेत. हे कसे घडले, ते या पाठात पाहू.

१. पार्श्वभूमी

संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय चित्र वेगाने रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. २००२ साली या बाजारात दोन कंपन्यांची मुख्य स्पर्धा होती: कॅनडातील एटीआय आणि अमेरिकेतील एनव्हिडिया. ऑगस्ट २००२ मध्ये एटीआयचे रेडिऑन ९७०० प्रो बाजारात आले. एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये जीफोर्स एफएक्स ५८०० जाहीर केले, पण ते ग्राहकांच्या हाती पडायला २००३ उजाडले. त्याच्या पंख्याचा आवाज इतका मोठा होता की तो थट्टेचा विषय झाला. मार्चमध्ये रेडिऑन ९८०० प्रो आणि मे महिन्यात जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा आले. आपली तुलना मुख्यतः या शेवटच्या दोन कार्डांची आहे.

दोन्ही कार्डांच्या रचनेत एक महत्त्वाचा फरक होता. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ९ या मानकाने शेडरच्या पूर्ण अचूकतेच्या गणितासाठी किमान २४ बिटांची अट घातली होती. एटीआयचे कार्ड नेमके २४ बिटांत गणित करत असे. एनव्हिडियाच्या कार्डात १६ किंवा ३२ असे दोनच पर्याय होते. ३२ बिटांत ते मंदावत असे आणि १६ बिट मानकापेक्षा कमी पडत. म्हणजे दोन्ही कार्डांना तंतोतंत सारखे काम देणे मुळातच शक्य नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

२. मोजमापाचे साधन

फिनलंडमधील फ्युचरमार्क या कंपनीने फेब्रुवारी २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ ही चाचणी प्रसिद्ध केली. ती ठरावीक दृश्ये कार्डाकडून रेखाटून घेई आणि शेवटी एकच आकडा देई. मासिके आणि संकेतस्थळे तो आकडा छापत, ग्राहक तो पाहून खरेदी करत. एका आकड्यावर इतके अवलंबून असल्यावर तो वाढवण्याचा मोह होणारच. एनव्हिडियाने या चाचणीवर सुरुवातीपासून टीका केली. खऱ्या खेळांचे प्रतिबिंब तिच्यात पडत नाही, असे तिचे म्हणणे होते.

३. मे २००३: चौकशी

चाचणीतला कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. परंतु विकसकांसाठीच्या आवृत्तीत तो हवा तिकडे वळवता येत असे. एक्स्ट्रीमटेक या प्रकाशनाने तो वाटेवरून बाजूला नेला, तेव्हा एनव्हिडियाच्या कार्डावर दृश्याचे काही भाग नीट रेखाटलेलेच नव्हते. फ्युचरमार्कने तपास करून २३ मे रोजी अहवाल दिला. कॅमेरा कुठून जाणार हे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आधीच ठाऊक होते. जे दिसणार नाही ते काम तो टाळत होता. काही शेडर ओळखून त्यांच्या जागी स्वतःचे शेडरही बसवत होता. पेपर फुटल्यावर मिळालेल्या गुणांसारखेच हे. खऱ्या खेळात खेळाडू कुठे वळेल हे कोणालाच आधी माहीत नसते, त्यामुळे हा वाढीव वेग त्याच्या कामाचा नाही.

फ्युचरमार्कने ही ओळख पटू नये अशी सुधारित आवृत्ती काढली. एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण ५८०६ वरून ४६७९ वर आले. येथे थोडे गणित करा. फरक ११२७. जुन्या आकड्याच्या तुलनेत ही घट १९.४ टक्के, तर नव्या आकड्याच्या तुलनेत आधीची फुगवण २४.१ टक्के. सर्वत्र गाजला तो २४.१ हा आकडा. टक्केवारी दिसली की ती कशाच्या तुलनेत, हे आधी पाहावे.

एटीआयही पूर्ण निर्दोष ठरली नाही. एका दृश्यात तिचा वेग ८.२ टक्क्यांनी आणि एकूण गुण १.९ टक्क्यांनी घटले. आपण शेडरमधील सूचनांचा फक्त क्रम बदलला, चित्र तेच राहते, असे सांगून तिने तो बदल काढून टाकण्याचे मान्य केले. त्याआधी, २००१ मध्ये, याच कंपनीचा ड्रायव्हर क्वेक ३ हा खेळ त्याच्या फाइलच्या नावावरून ओळखतो, असे उघड झाले होते. फाइलचे नाव बदलताच वेग उतरला होता.

२ जून रोजी फ्युचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढले. एनव्हिडियाने केले ती फसवणूक नव्हे, तर विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी केलेली सुधारणा, असे त्यात म्हटले होते. दहा दिवसांत घटनेचे नाव बदलले, मोजलेला फरक मात्र बदलला नाही. साधन वाचताना शब्द आणि मोजमाप वेगळे ठेवायचे ते यासाठी.

४. इतर साक्षी

एका साधनावर विसंबू नये, म्हणून आणखी तीन पाहू. डूम ३ या खेळाचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी जानेवारी २००३ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या त्या वेळच्या नव्या चिपांबद्दल लिहिले. सर्वसामान्य पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर एनव्हिडियाची चिप एटीआयच्या सुमारे निम्म्या वेगाने चालत असे, तर खास तिच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ती किंचित पुढे जात असे. चिपा त्याच, निकाल दोन.

सप्टेंबर २००३ मध्ये हाफ-लाइफ २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने आकडे दाखवले. त्यांत रेडिऑन ९८०० प्रोचा वेग ५९०० अल्ट्राच्या सुमारे दुप्पट होता. पण हे आकडे एटीआयच्याच कार्यक्रमात मांडले गेले आणि दोन कंपन्यांत व्यापारी करारही होता. म्हणून ते खोटे ठरतात का? नाही. हितसंबंध दिसला की साक्ष फेकून द्यायची नसते, ती दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहायची असते. कारमॅक यांची नोंद त्याच दिशेने जाते. शिवाय एप्रिल २००४ मध्ये आलेल्या जीफोर्स ६८०० मध्ये एनव्हिडियाने शेडरची क्षमता बरीच वाढवली. स्पर्धकाच्या आरोपापेक्षा कंपनीची ही कृती अधिक बोलकी आहे.

५. समारोप

मग कोणते कार्ड सरस होते? मानकाप्रमाणे लिहिलेल्या डायरेक्टएक्स ९ शेडरवर रेडिऑन स्पष्टपणे पुढे होते. जुन्या पद्धतीच्या किंवा खास एनव्हिडियासाठी लिहिलेल्या कामात जीफोर्स बरोबरीला येत असे. हे उत्तर एका आकड्यात मावत नाही, आणि तो आकडा फुगवणे सोपे का गेले, याचे एक कारणही हेच. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही. मोबाइलच्या जाहिरातीतले गुण असोत की महाविद्यालयांची क्रमवारी, तुम्हीही विचारा: हे कोणी मोजले, कोणते काम देऊन मोजले, आणि ज्याचे मोजमाप झाले त्याला प्रश्नपत्रिका आधी माहीत होती का?

स्वाध्याय

१. ‘घट १९.४ टक्के’ आणि ‘फुगवण २४.१ टक्के’ यांपैकी कोणता आकडा कोणत्या पक्षाला सोयीचा ठरेल? कारणे द्या.
२. एनव्हिडिया आणि एटीआय यांनी केलेल्या बदलांत तुम्हाला कोणता तात्त्विक फरक दिसतो?
३. तुमच्या विषयातील एखादी क्रमवारी घ्या आणि तिची साधनचिकित्सा सुमारे २०० शब्दांत करा.